होमी भाभांनी सोन्याच्या खाणीत लावलेला सापळा आणि डार्क मॅटरचं न सुटलेलं कोडं

केजीएफ म्हटलं की आजकाल डोळ्यांसमोर येतो रॉकीभाई. हातात हातोडा, मागे धुळीचे लोट आणि सोन्याची खाण.

पण पडद्यावरचा केजीएफ बाजूला ठेवला, तर खऱ्या केजीएफची, म्हणजे कर्नाटकातल्या कोलार गोल्ड फील्ड्सची आणखी एक गोष्ट आहे. या खाणीत जमिनीखाली दोन किलोमीटरपेक्षा जास्त खोल काही माणसं वर्षानुवर्षं ठाण मांडून बसली होती. त्यांना सोन्याशी देणंघेणं नव्हतं. ती शोधत होती असे कण, जे दिसत नाहीत, कशाला सहसा धडकत नाहीत आणि अख्खी पृथ्वी आरपार ओलांडून निघून जातात.

या माणसांना खाणीची वाट दाखवली होती मुंबईच्या एका पारशी गृहस्थाने. नाव होमी जहांगीर भाभा.

भाभा म्हटलं की आपल्याला अणुबॉम्ब, अणुभट्टी आणि विमान अपघात एवढंच आठवतं. फार तर रॉकेट बॉईज ही मालिका. पण भाभांचं पहिलं प्रेम अणुऊर्जा नव्हतं. ते होतं आकाशातून पडणारे कण. आणि आज जगभरात डार्क मॅटरचा जो शोध चालू आहे, त्याचा एक धागा थेट या प्रेमापर्यंत जातो.

पोलाद कारखान्यासाठी तयार केलेला मुलगा

भाभांचा जन्म 30 ऑक्टोबर 1909 चा, मुंबईतला. वडील जहांगीर भाभा वकील. त्यांच्या आत्याचं लग्न दोराबजी टाटांशी झालेलं. त्यामुळे टाटांच्या घरात सतत येणंजाणं.

घरात पुस्तकं होती, चित्रं होती आणि पाश्चात्त्य संगीताच्या रेकॉर्ड्स होत्या. होमींना या तिन्हींचा नाद लागला तो कायमचा. शाळा कॅथेड्रल, मग एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स.

पिंपरी-चिंचवडमधली जुनी माणसं टाटा मोटर्सला अजूनही टेल्को म्हणतात. टाटांच्या कारखान्यात चिकटला म्हणजे पोराचं भलं झालं, असं मानणाऱ्या कित्येक पिढ्या इथे झाल्या. गंमत म्हणजे भाभांच्या घरातही विचार हाच होता, फक्त कारखाना वेगळा होता. पोराने केंब्रिजला जाऊन मेकॅनिकल इंजिनिअरिंग करावं आणि परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर बसावं, असं वडिलांनी आणि दोराबजींनी ठरवलं होतं.

1927 साली होमी केंब्रिजला गेले. तिथे पॉल डिरॅक नावाचे तरुण प्राध्यापक गणित शिकवत होते. क्वांटम सिद्धान्ताचा नुसता धुरळा उडाला होता. दर काही महिन्यांनी विश्वाबद्दलची एखादी जुनी समजूत कोसळत होती. अशा वेळी यंत्रांची ड्रॉइंग काढत बसणं होमींना जमेना. आपल्याला भौतिकशास्त्रच करायचं आहे, असं त्यांनी वडिलांना पत्रातून स्पष्ट कळवलं.

वडिलांनी तोडगा काढला. आधी इंजिनिअरिंग पहिल्या वर्गात पास हो, मग गणिताचा खर्च देतो. होमींनी 1930 मध्ये इंजिनिअरिंग पहिल्या वर्गात पूर्ण केलं आणि 1932 मध्ये गणितही पहिल्या वर्गात.

जमशेदपूरने एक इंजिनिअर गमावला.

न्यूट्रिनोच्या जन्मघरात

पुढची काही वर्षं भाभा शिष्यवृत्तीवर युरोपात फिरत होते. झुरिकमध्ये वोल्फगँग पाउली यांच्याकडे, मग रोममध्ये एन्रिको फर्मी यांच्याकडे.

ही दोन नावं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. कारण काही किरणोत्सारी पदार्थांतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो तेव्हा ऊर्जेचा हिशेब लागत नव्हता. थोडी ऊर्जा कुठेतरी गायब होत होती. 1930 साली पाउलींनी सुचवलं की इलेक्ट्रॉनबरोबर आणखी एक कण निघत असावा. त्याला विद्युतभार नाही, वजन जवळपास नाही आणि तो कुणाला दिसत नाही. फर्मींनी त्याचं गणित बसवलं आणि न्यूट्रिनो हे नाव रूढ केलं.

हा कण कधी सापडेल यावर खुद्द पाउलींचाही विश्वास नव्हता. तो पकडायला पुढे 26 वर्षं लागली. 1956 मध्ये अमेरिकेत फ्रेडरिक राइनेस आणि क्लाइड कोवन यांना अणुभट्टीतून येणारे न्यूट्रिनो सापडले.

भाभांचं लक्ष मात्र विश्वकिरणांकडे होतं. अंतराळातून येणारे वेगवान कण आपल्या वातावरणावर सतत आदळत असतात. तिथे हवेच्या अणूंचे तुकडे होतात आणि नव्या कणांचा पाऊस खाली पडतो. यांतलेच म्युऑन नावाचे कण आत्ता या क्षणी तुमच्या तळहातातून साधारण सेकंदाला एक या हिशेबाने जात आहेत.

भाभांचा पहिला शोधनिबंध 1933 साली आला, तो याच किरणांवर. 1935 च्या सुमारास त्यांनी इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरीचं गणित मांडलं. त्या प्रक्रियेला आज जगभर भाभा स्कॅटरिंग म्हणतात.

1937 मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासोबत त्यांनी आणखी एक कोडं सोडवलं. एक वेगवान इलेक्ट्रॉन वातावरणात शिरला तर खाली येईपर्यंत कणांचा एवढा मोठा झोत कसा तयार होतो? उत्तर असं, की इलेक्ट्रॉनमधून फोटॉन निघतो, फोटॉनमधून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी निघते, त्या जोडीतून पुन्हा फोटॉन. एकाचे दोन, दोनाचे चार. याला नाव पडलं कॅस्केड सिद्धान्त.

पुढच्याच वर्षी त्यांनी सुचवलं की हे अल्पायुषी कण प्रचंड वेगात असल्यामुळे त्यांचं घड्याळ हळू चालतं, म्हणून ते जास्त काळ टिकतात आणि आइनस्टाइनच्या सापेक्षतेचा पडताळा इथे घेता येईल. पुढे ते खरं ठरलं. म्युऑन जमिनीपर्यंत पोचतात ते याचमुळे.

सुट्टीवर आले आणि राहिले

1939 मध्ये भाभा सुट्टीसाठी भारतात आले होते. तेवढ्यात दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि परतीचे रस्ते बंद झाले.

बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये तेव्हा सी. व्ही. रामन होते. भाभा तिथे रुजू झाले आणि त्यांनी विश्वकिरणांचं संशोधन सुरू केलं. 1941 मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. विक्रम साराभाईंशी मैत्री जमली तीही इथेच.

युद्ध संपलं की परत केंब्रिजला जायचं, असं आधी मनात होतं. पण ही पाच-सहा वर्षं भारतात काढल्यावर त्यांचा विचार बदलला. आपल्या देशात चांगलं काम करता येत नसेल तर ते करता येईल अशी जागा उभी करायची, असं त्यांनी ठरवलं.

मार्च 1944 मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला एक सविस्तर पत्र लिहिलं. मूलभूत भौतिकशास्त्रासाठी एक संस्था हवी, म्हणजे उद्या अणूपासून वीज बनू लागेल तेव्हा तज्ज्ञांसाठी भारताला बाहेर हात पसरावा लागणार नाही, असा त्याचा आशय होता. लक्षात घ्या, हिरोशिमा अजून सतरा महिने दूर होतं. स्वातंत्र्य तीन वर्षं दूर होतं.

टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे टीआयएफआर, 1945 च्या जूनमध्ये बेंगळुरूत सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईत पेडर रोडच्या एका बंगल्यात आली. पुढे गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबमध्ये आणि शेवटी कुलाब्याच्या समुद्राकाठी. कुलाब्याच्या इमारतीचं उद्घाटन 1962 मध्ये नेहरूंनी केलं.

या संस्थेत भाभांनी नव्या भारतीय चित्रकारांची चित्रं विकत घेऊन भिंतींवर लावली. बांधकामाच्या आड येणारं झाड तोडण्याऐवजी मुळांसकट दुसरीकडे हलवायला लावलं. शास्त्रज्ञाच्या डोळ्यांना दिवसभर काय दिसतं, यालाही ते महत्त्व देत.

सगळ्यांना हे पटलं होतं का?

नाही.

1948 मध्ये अणुऊर्जा आयोग झाला, भाभा अध्यक्ष झाले. 1954 मध्ये तुर्भ्याला अणुऊर्जा केंद्र उभं राहिलं. 1956 मध्ये तिथे अप्सरा ही आशियातल्या पहिल्या अणुभट्ट्यांपैकी एक सुरू झाली. नेहरूंशी थेट संबंध असल्याने भाभांच्या कामाला पैसा आणि मोकळीक दोन्ही मिळत गेली.

कोलकात्याचे मेघनाद साहा, तेही जागतिक कीर्तीचे शास्त्रज्ञ, या रचनेवर उघड टीका करत. संशोधन विद्यापीठांत वाढायला हवं, काही मोजक्या सरकारी संस्थांत नव्हे, हा त्यांचा मुद्दा होता. आज आपल्या विद्यापीठांमधल्या प्रयोगशाळांची अवस्था पाहिली तर हा मुद्दा अगदीच फेटाळण्यासारखा नव्हता, हे कळतं.

दुसरा प्रश्न सामान्य माणसाचा. देशात धान्य पुरत नाही, परदेशातून गहू येतोय आणि तुम्ही अदृश्य कण कसले शोधता?

भाभांची बाजू अशी होती की जी माणसं कठीण, अगदी निरुपयोगी वाटणाऱ्या प्रश्नांवर काम करतात, त्यांच्याच हातून पुढे उपयोगी यंत्रणा उभ्या राहतात. विश्वकिरण मोजायला लागणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणं टीआयएफआरमध्ये हातानेच बनवावी लागत. त्याच हातांनी पुढे अणुभट्ट्यांची नियंत्रण उपकरणं बनवली आणि संस्थेत देशी बनावटीचा संगणकही तयार केला.

आणि विश्वकिरणांच्या बाबतीत तर भारताला निसर्गाने एक खास गोष्ट दिली होती. ती म्हणजे जगातल्या सर्वांत खोल खाणींपैकी एक.

खाणीत का जायचं?

समजा, भोसरीच्या एखाद्या प्रेस शॉपमध्ये तुम्हाला हातातल्या घड्याळाची टिकटिक ऐकायची आहे. शेजारी पाचशे टनांची प्रेस दणादण पत्रा कापतेय. कान कितीही तीक्ष्ण असले तरी ऐकू येईल का? त्यासाठी प्रेस बंद झाली पाहिजे, किंवा तुम्ही जाड भिंतींच्या खोलीत गेलं पाहिजे.

आकाशातून येणाऱ्या म्युऑनचा पाऊस म्हणजे ही प्रेस. ती बंद करता येत नाही. मग उरतो दुसरा मार्ग, जाड भिंत. आणि दोन-अडीच किलोमीटर खडकाइतकी जाड भिंत मिळते फक्त खोल खाणीत.

1950 च्या सुमारास भाभांनी बी. व्ही. श्रीकांतन या तरुण संशोधकाला कोलारच्या खाणीत जाऊन वेगवेगळ्या खोलीवर म्युऑन किती पोचतात ते मोजायला सांगितलं. गायगर काउंटर घेऊन श्रीकांतन खाली उतरले. तीनेकशे मीटरपर्यंत मोजमाप झालं.

दहा वर्षांनी दुसरी तुकडी आणखी खोल गेली. जपानचे साबुरो मियाके आणि टीआयएफआरचे संशोधक चॅम्पियन रीफ खाणीत थेट 2,760 मीटरपर्यंत पोचले. उकाडा, दमट हवा आणि सुरुंगांचे हादरे. तिथे उपकरण दोन महिने चालू ठेवलं.

दोन महिन्यांत एकही म्युऑन आला नाही.

एरवी प्रयोगात काहीच न सापडणं म्हणजे निराशा. इथे उलट होतं. प्रेसचा आवाज पूर्ण थांबला होता. आता घड्याळाची टिकटिक ऐकता येणार होती.

1965 : पृथ्वीच्या पोटातली पहिली चाहूल

ती टिकटिक म्हणजे न्यूट्रिनो. सूर्याच्या गाभ्यातून निघणारे न्यूट्रिनो आपल्या नखाएवढ्या जागेतून दर सेकंदाला सुमारे 6,500 कोटी जातात. आपल्याला काही कळत नाही, कारण ते कशाशी जवळपास बोलतच नाहीत. कोलारमध्ये शोधायचे होते ते वेगळे, विश्वकिरण हवेवर आदळल्यावर तयार होणारे, कितीतरी जास्त ऊर्जेचे न्यूट्रिनो.

न्यूट्रिनो स्वतः दिसत नाही. पण फार क्वचित तो खडकातल्या अणूवर आदळतो आणि त्यातून एक म्युऑन बाहेर पडतो. तो म्युऑन टिपता येतो. फक्त तो वरून आलेल्या साध्या म्युऑनपेक्षा वेगळा ओळखायचा कसा?

युक्ती साधी होती. वरून येणाऱ्याला सव्वादोन किलोमीटर खडक भेदावा लागतो, तर आडवं येणाऱ्याला त्याच्या कित्येक पट. तेवढा खडक कुठलाच म्युऑन भेदू शकत नाही. म्हणजे आडवा किंवा खालून वर जाणारा म्युऑन दिसला, की तो जवळच्या खडकात न्यूट्रिनोनेच निर्माण केलेला असणार.

1964 च्या अखेरीपासून सुमारे 2.3 किलोमीटर खोलीवर हा सापळा लावला गेला. टीआयएफआर, जपानचं ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडचं डरॅम विद्यापीठ असा तिघांचा प्रयोग. टीआयएफआरच्या बाजूने एम. जी. के. मेनन, श्रीकांतन आणि त्यांचे सहकारी.

तिकडे दक्षिण आफ्रिकेतल्या एका सोन्याच्या खाणीत राइनेस यांची तुकडी हेच करत होती. दोन्हीकडे शर्यत. घटना आधी टिपली राइनेस यांच्या गटाने, फेब्रुवारी 1965 मध्ये. कोलारला पहिली घटना एप्रिलमध्ये दिसली. पण शोधनिबंध आधी छापून आला तो कोलारचा, 15 ऑगस्ट 1965 रोजी. दुसरा त्यानंतर पंधरवड्याने.

वातावरणात तयार झालेले न्यूट्रिनो माणसाने पहिल्यांदा पाहिले होते. आणि त्यात स्वातंत्र्य मिळून जेमतेम अठरा वर्षं झालेल्या देशातली एक खाण होती.

आल्प्सच्या शिखरावर

भाभांना हे यश पाहायला मिळालं, पण त्यानंतर फार वेळ मिळाला नाही.

24 जानेवारी 1966 रोजी ते आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी व्हिएन्नाला निघाले होते. मुंबईहून सुटलेलं एअर इंडियाचं कांचनजंगा हे बोइंग 707 विमान जिनेव्हाला उतरण्याच्या तयारीत असताना माँ ब्लाँ पर्वतावर कोसळलं. विमानातले सगळे 117 जण गेले. भाभा 56 वर्षांचे होते.

या अपघाताबद्दल घातपाताच्या कथा दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर फिरतात. फ्रान्समधल्या अधिकृत चौकशीने मात्र वेगळं कारण दिलं. विमानातलं दिशादर्शक उपकरण नीट चालत नव्हतं, रडार नियंत्रकाच्या सूचनेचा अर्थ वैमानिकाने चुकीचा लावला आणि आपण शिखर ओलांडलं असं समजून विमान खाली आणलं. घातपाताचा पुरावा आजवर पुढे आलेला नाही.

पुढच्या वर्षी तुर्भ्याच्या केंद्राला भाभांचं नाव देण्यात आलं. कोलारच्या खाणीतला प्रयोग चालूच राहिला.

मग डार्क मॅटर कुठून आलं?

ज्या 1933 साली भाभांचा पहिला निबंध छापून आला, त्याच वर्षी फ्रिट्झ झ्विकी या शास्त्रज्ञाने एक विचित्र हिशेब मांडला. कोमा नावाच्या दीर्घिकांच्या समूहातल्या दीर्घिका इतक्या वेगाने फिरत होत्या, की दिसणाऱ्या ताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणाने त्या एकत्र राहणं शक्य नव्हतं. त्यांना धरून ठेवणारं, न दिसणारं काहीतरी तिथे होतं.

बराच काळ याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. 1970 च्या दशकात व्हेरा रुबिन आणि इतरांनी दाखवलं की एकेक दीर्घिकेतही हीच गत आहे. कडेचे तारे हळू फिरायला हवेत, पण तेही आतल्यांच्याच वेगाने पळतात. आजच्या हिशेबाने विश्वातल्या एकूण द्रव्यापैकी साधारण 85 टक्के द्रव्य हे असं अदृश्य आहे. ते कशाचं बनलंय, कुणालाच माहीत नाही.

भाभांनी डार्क मॅटर शोधलं नाही, त्यावर कामही केलं नाही. पण त्यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी त्यांच्या खाणीत एक विचित्र गोष्ट घडली.

काही मोजक्या घटनांमध्ये एकाच बिंदूतून दोन-तीन कण वेगवेगळ्या दिशांना फुटलेले दिसले. आणि तो बिंदू खडकात नव्हता, बोगद्याच्या हवेत किंवा उपकरणाच्या पातळ भागात होता. न्यूट्रिनो घट्ट खडक सोडून विरळ हवेवर आदळेल याची शक्यता अगदी नगण्य. मग हे काय? एखादा अनोळखी कण चालता चालता हवेतच फुटला का?

1975 मध्ये हे निष्कर्ष छापले गेले. जगभर त्यांना कोलार घटना असं नाव पडलं. युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या प्रवेगकांवर तसा कण तयार होतो का, ते पाहिलं गेलं. काही सापडलं नाही. प्रकरण फायलीत गेलं.

2013 मध्ये चेन्नईच्या इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेसमधल्या एम. व्ही. एन. मूर्ती आणि जी. राजशेखरन यांनी ती फाइल पुन्हा उघडली. त्यांनी विचारलं, हा कण प्रयोगशाळेत सापडत नाही, कारण तो तिथे तयारच होत नसेल तर? तो विश्वाच्या जन्मापासूनच सगळीकडे पसरलेला असेल तर? म्हणजे कोलारच्या बोगद्यात फुटले ते डार्क मॅटरचे कण असतील तर? प्रोटॉनच्या साधारण पाच ते दहापट वजनाचा आणि विश्वाच्या वयाइतकं सरासरी आयुष्य असलेला कण असेल, तर हिशेब बसू शकतो, असं त्यांनी मांडलं.

हा पुरावा नाही, शक्यता आहे. मोजक्या घटनांवर एवढा मोठा दावा उभा राहत नाही. पुन्हा मोजलं तरच कळेल.

पण पुन्हा मोजणार कुठे?

इथेच खरी अडचण आहे. 1980 पासून कोलारमध्ये सुमारे 140 टनांचा नवा डिटेक्टर बसवून प्रोटॉनचा क्षय शोधला गेला. पण सोनं काढणं परवडेनासं झालं, खोल भाग बंद होऊ लागले. 1992 च्या सुमारास प्रयोग थांबले. 2001 मध्ये खाणच बंद झाली. जिथे चार दशकं काम चाललं, ते बोगदे आज पाण्याखाली आहेत.

त्याची जागा घ्यायला तामिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात डोंगराच्या पोटात इंडिया-बेस्ड न्यूट्रिनो ऑब्झर्व्हेटरी उभारायचं ठरलं. 50,000 टन चुंबकीय लोखंडाचा डिटेक्टर, वर किमान एक किलोमीटर डोंगर. जानेवारी 2015 मध्ये केंद्राने सुमारे 1,500 कोटींच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. त्याच्या भल्यामोठ्या गुहेतल्या हवेत कोलारसारख्या घटना शोधता येतील का, याचाही अभ्यास झाला.

पण स्थानिकांना पाण्याची आणि जमिनीची काळजी होती, पर्यावरणवाद्यांना पश्चिम घाटाच्या जंगलाची आणि वाघांच्या वाटेची. प्रकरण न्यायालयात गेलं. 2022 मध्ये तामिळनाडू सरकारने सर्वोच्च न्यायालयात विरोध नोंदवला. प्रकल्प अडला तो अडलाच. झारखंडमधल्या जादुगुडाच्या युरेनियम खाणीत 555 मीटरवर मात्र डार्क मॅटरच्या शोधासाठी एक छोटी प्रयोगशाळा सुरू झाली आहे.

जग काय करतंय?

डार्क मॅटर शोधायला न्यूट्रिनो डिटेक्टर वापरण्याची आज सर्वांत प्रसिद्ध पद्धत सूर्यावरून जाते.

कल्पना अशी. डार्क मॅटरचे कण सूर्यातून जाताना एखाद्या अणूला धडकून वेग गमावतात आणि सूर्याच्या गुरुत्वाकर्षणात अडकतात. अब्जावधी वर्षांत गाभ्यात त्यांची गर्दी होते. मग ते एकमेकांवर आदळून नष्ट होतात आणि त्यातून नेहमीचे कण निघतात. बाकी सगळे सूर्यातच जिरतात. बाहेर येऊ शकतात फक्त न्यूट्रिनो.

सूर्य एरवीही न्यूट्रिनो सोडतोच, पण कमी ऊर्जेचे. डार्क मॅटरपासून आलेल्यांची ऊर्जा शेकडो पटींनी जास्त असेल. म्हणजे सूर्याच्या दिशेने फार जोरदार न्यूट्रिनो नेहमीपेक्षा जास्त संख्येने आले, तर समजायचं की काहीतरी सापडलं.

जपानमध्ये 50,000 टन पाण्याचा सुपर कामिओकांडे हे पाहतो. दक्षिण ध्रुवावर एक घन किलोमीटर बर्फात 5,160 सेन्सर गाडलेला आइसक्यूब हे पाहतो. अजून असे जादा न्यूट्रिनो दिसलेले नाहीत. पण त्यामुळे डार्क मॅटर काय असू शकत नाही, याची यादी वाढत चालली आहे.

उलटा प्रकारही घडला. इटली आणि चीनमधल्या खास डार्क मॅटरसाठी बांधलेल्या दोन डिटेक्टरांना 2024 मध्ये सूर्याच्या न्यूट्रिनोंच्या खुणा दिसू लागल्या. दोन्ही शोध आता एकमेकांच्या वाटेत येऊ लागले आहेत.

आणि आइसक्यूबच्या बर्फात इलेक्ट्रॉन जातीचा न्यूट्रिनो आदळतो, तेव्हा कणांचा जो गोल झोत उमटतो त्याला तिथले शास्त्रज्ञ कॅस्केड म्हणतात. एकाचे दोन, दोनाचे चार. भाभा आणि हाइटलर यांनी 1937 मध्ये मांडलेलं तेच गणित.

चाकणच्या पुढे

भाभांच्या कामाचा एक धागा पिंपरी-चिंचवडकरांच्या अगदी जवळून जातो. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला परदेशात काम करणाऱ्या काही भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी मायदेशी परतून काम करण्याची तयारी दाखवली. भाभांनी लगेच होकार कळवला. त्यांच्यातले गोविंद स्वरूप 1963 मध्ये टीआयएफआरमध्ये आले. आधी कल्याणजवळ छोट्या अँटेना, मग उटीची दुर्बीण आणि शेवटी जीएमआरटी.

चिंचवडहून निघून चाकणच्या ट्रॅफिकमधून सुटलात, की नाशिक महामार्ग राजगुरुनगर, मंचर करत नारायणगावला नेतो. तिथून जवळच खोडद आणि आसपासच्या परिसरात 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. त्या हायड्रोजन वायूच्या रेडिओ लहरी टिपतात, आणि दीर्घिकेचा वायू किती वेगाने फिरतो यावरून तिथे किती अदृश्य द्रव्य आहे ते काढता येतं.

2005 मध्ये याच दुर्बिणीने एनजीसी 3741 ही पिटुकली दीर्घिका तपासली. तिचे तारे संपतात त्याच्या कितीतरी पुढेपर्यंत वायू पसरलेला होता आणि अगदी कडेलाही त्याचा वेग कमी होत नव्हता. हिशेब मांडला तेव्हा या दीर्घिकेत डार्क मॅटरचा वाटा प्रचंड निघाला.

ते आहे, हे खोडदहून मोजता येतं. ते काय आहे, हे मात्र जमिनीच्या पोटातच कळण्याची शक्यता आहे. त्यासाठी भारताकडे एकेकाळी जगातल्या सर्वांत शांत जागांपैकी एक होती. तशी जागा पुन्हा मिळेपर्यंत कोलारच्या बोगद्यात हवेतच फुटलेले ते कण कसले होते, हा प्रश्न आपल्यापुरता तरी उघडाच राहणार आहे.